रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधून एचडीएमआयवाटे ५.१ आवाज: सोलापुरातील घरगुती मांडणीचा अनुभव

माझ्या परिचयातील एका जोडप्याने जुलै २०२४ मध्ये सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमाग कारखान्यांवर एक छोटा माहितीपट चित्रित केला आणि त्याच्या ध्वनीचे काम माझ्याकडे दिले. माझे तोवरचे सगळे काम स्टिरिओतले, म्हणजे दोन चॅनेलचे होते. यंत्रमागांच्या खोलीत मात्र दोन चॅनेल अपुरे पडतात, हे ध्वनिमुद्रणाच्या पहिल्याच दिवशी कळले. आडवा धागा नेणारा धोटा एका पेटीतून सुटून दुसऱ्या पेटीवर आदळतो, त्यामागून फणीचा ठोका बसतो, आणि हे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा घडते. शेजारचा माग त्याच लयीत पण किंचित पुढेमागे चालत असतो, आणि पाठीमागे आणखी दोन रांगा असतात. तेथील एक वयस्क कामगार मला म्हणाले, "कडेला काय थांबलाव ताई, मध्ये उभारा की ओ, चारी बाजूनं मार ऐकू येतंय." मी मध्ये उभी राहिले आणि माहितीपट ५.१ मध्येच, म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या सुरांसाठी एक सबवूफर अशा सहा चॅनेलांत, मिसळायचा, असे तेथेच ठरवले.

ठरवणे सोपे होते, पण साधने जुळवताना अडचणी सुरू झाल्या. सहा स्वतंत्र आउटपुट असलेला ऑडिओ इंटरफेस आणि सहा स्टुडिओ स्पीकर हा रूढ मार्ग आहे, पण या कामाच्या मानधनात तो बसत नव्हता. दुसरा मार्ग असा, की संगणकाच्या एचडीएमआय पोर्टातून सहाही चॅनेल एकाच केबलने घरगुती होम थिएटरच्या रिसीव्हरला, म्हणजे प्रत्येक स्पीकरला त्याचा आवाज वाटून देणाऱ्या यंत्राला, द्यायचे आणि त्याच्या स्पीकरांवर मिक्सिंग करायचे. एचडीएमआयची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली तेव्हापासूनच तिच्यातून असंकुचित पीसीएम, म्हणजे न दाबलेल्या डिजिटल, ध्वनीचे आठ चॅनेल जाऊ शकतात, त्यामुळे ५.१ साठी नवे किंवा महागडे असे काही लागत नाही. ऑप्टिकल केबलचे तसे नाही. तिच्यातून असंकुचित ध्वनी फक्त दोन चॅनेलचा जातो, आणि सहा चॅनेल पाठवायचे तर ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबून पाठवावे लागतात, जे मिक्सिंगच्या वेळी गैरसोयीचे असते.

रिसीव्हर, पाच छोटे स्पीकर आणि स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर असा वापरलेला संच मला पुण्यातून १३,५०० रुपयांना मिळाला. तो खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पहाटे सात रस्त्यावर उतरवून घेतला. वापरलेला रिसीव्हर घेताना विक्रेत्याकडून एक गोष्ट आधी तपासून घ्यावी: त्याच्या एचडीएमआय इनपुटवर काही लावून चित्र आणि आवाज दोन्ही येतात का, याचा छोटा व्हिडिओ मागावा, कारण जुन्या रिसीव्हरांत बाकी सारे ठीक असून एचडीएमआयची पाटी (सर्किट बोर्ड) तेवढी गेलेली असणे ही नेहमीची तक्रार आहे. स्पीकरची तार २५ मीटर लागली, तिचे ८७५ रुपये झाले. केबल घ्यायला नव्या पेठेत गेले तेव्हा एका दुकानात मला सांगण्यात आले, की सराउंडसाठी, म्हणजे चहूबाजूंच्या आवाजासाठी, सर्वांत नव्या पिढीची, दोन हजारांच्या वरची केबलच लागते. हिशेब करून पाहिला तर ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटचे सहा चॅनेल मिळून सेकंदाला सात मेगाबिटसुद्धा भरत नाहीत, आणि चित्राला त्याच केबलमधून गिगाबिट लागतात. जी केबल चित्र नीट दाखवते, तिला हा ध्वनी मुळीच जड नाही. मी ४५० रुपयांची तीन मीटरची केबल घेतली आणि तीच अजून चालू आहे.

संचासोबत आलेल्या कागदावर जोडणी अशी दिली होती: लॅपटॉपची केबल टीव्हीला, आणि टीव्हीच्या एआरसी पोर्टातून (जे टीव्हीकडचा आवाज उलट रिसीव्हरकडे पाठवते) दुसरी केबल रिसीव्हरला. त्याप्रमाणे जोडल्यावर आवाज लगेच आला. विंडोजच्या ध्वनीच्या जुन्या खिडकीत (विंडोज की आणि आर दाबून एमएमएसवायएस डॉट सीपीएल लिहिले की ती उघडते) प्लेबॅकच्या यादीत टीव्हीचे नाव दिसत होते. ते निवडून 'कॉन्फिगर' दाबले, तर स्पीकरांच्या रचनेत केवळ 'स्टिरिओ' हा एकच पर्याय होता, ५.१ नव्हताच. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला, लॅपटॉप बंद करून सुरू केला, तरी यादी तशीच.

या टप्प्यावर अनेक जण सॉफ्टवेअरमध्ये उत्तर शोधत बसतात आणि तेथेच आठवडे जातात. म्हणून हा भाग सविस्तर सांगते. एचडीएमआयने जोडलेले प्रत्येक उपकरण आपली ओळख संगणकाला कळवते. आपण कोणती चित्रे दाखवू शकतो आणि किती चॅनेलचा ध्वनी घेऊ शकतो, याची ती यादी असते आणि तिला ईडीआयडी म्हणतात. संगणक त्या यादीवर पूर्ण विश्वास ठेवतो. माझा लॅपटॉप टीव्हीला जोडलेला होता, टीव्हीचे स्वतःचे स्पीकर दोन, म्हणून टीव्हीने 'मी स्टिरिओ घेतो' एवढेच सांगितले आणि विंडोजने तेवढेच पर्याय दाखवले. टीव्हीच्या पलीकडे पाच स्पीकर आणि सबवूफर आहेत, हे लॅपटॉपला ठाऊक होण्याचा मार्गच नव्हता. शिवाय साध्या एआरसीतून असंकुचित ध्वनी दोन चॅनेलचाच परत येतो. सहा-आठ चॅनेल येण्यासाठी दोन्ही बाजूंना ईएआरसी ही तिची सुधारित आवृत्ती लागते, जी २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर आली. माझ्याकडे ती कोणत्याच बाजूला नव्हती.

उपाय केबलींचा क्रम बदलण्याचा होता: लॅपटॉप थेट रिसीव्हरच्या इनपुटला, आणि रिसीव्हरच्या आउटपुटातून टीव्हीला. आता रिसीव्हर मध्ये बसून टीव्हीची चित्राची यादी आणि स्वतःची ध्वनीची यादी एकत्र करून लॅपटॉपला देतो. तरीही एक दिवस स्टिरिओच दिसत राहिला, तेव्हा रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये 'एचडीएमआय ऑडिओ आउट' हा पर्याय सापडला. तो 'टीव्ही'वर ठेवलेला होता, म्हणजे ध्वनी पुढे टीव्हीकडे ढकलायचा. तो 'अ‍ॅम्प'वर केला आणि कॉन्फिगरच्या यादीत ५.१ व ७.१ दोन्ही आले. ५.१ निवडून तेथील 'टेस्ट' दाबली की विंडोज एकेका स्पीकरवर क्रमाने आवाज वाजवते. तो क्रम नीट येईपर्यंत रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर उघडूच नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

चित्राचा संबंधही येथे लक्षात ठेवावा लागतो. एचडीएमआयमध्ये ध्वनीला स्वतंत्र तार नसते. चित्राच्या ओळी आणि चौकटी यांच्या मधल्या रिकाम्या जागेत ध्वनीची माहिती भरून पाठवली जाते. चित्र बंद झाले की ध्वनीही जातो. म्हणून विंडोज की आणि पी दाबून 'एक्स्टेंड' ठेवावे, 'फक्त संगणकाचा पडदा' निवडू नये, आणि पॉवर सेटिंगमध्ये पडदा आपोआप बंद होण्याची वेळ काढून टाकावी. सुरू करण्याचा क्रमही मी ठरवून घेतला आहे: आधी टीव्ही, मग रिसीव्हर, सर्वांत शेवटी लॅपटॉप. रिसीव्हर स्टँडबायवर असताना तो टीव्हीचीच यादी पुढे पाठवतो, आणि त्या वेळी लॅपटॉप चालू असेल तर विंडोज पुन्हा स्टिरिओवर जाऊन बसते. आमच्या भागात वीज गेली की इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि टीव्ही चालू राहत, रिसीव्हर बंद होई, आणि वीज आल्यावर हाच प्रकार घडे; केबल काढून पुन्हा लावली की यादी नव्याने वाचली जाते.

यानंतर सॉफ्टवेअर. मी रीपर हे रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचे सॉफ्टवेअर वापरते. त्याची ६० दिवसांची चाचणी मुदत संपत आली होती, म्हणून परवानाही याच वेळी घेतला. व्यक्तिगत वापरासाठी, किंवा व्यवसायाचे वार्षिक उत्पन्न २०,००० डॉलरच्या आत असेल तर, तो ६० डॉलरला मिळतो. नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. बँकेच्या अ‍ॅपमधून ते सुरू करावे लागले, मर्यादा घालावी लागली, आणि तरीही पहिला व्यवहार नाकारला गेला. होटगी रोडवरच्या शाखेत जाऊन अर्जावर सही केली, दसऱ्याची सुट्टी मध्ये आली, आणि नंतर पैसे गेले. विनिमय दर आणि बँकेचे शुल्क धरून पाच हजारांच्या वर रक्कम गेली. परवान्याची फाइल ई-मेलने येते. ती आणि पावती दोन्ही जपून ठेवाव्यात, कारण मानधनाच्या बिलासोबत मला पावती जोडावी लागली.

ध्वनिमुद्रणासाठी आपण एएसआयओ हा आवाजाचा विलंब कमी ठेवणारा ड्रायव्हर वापरतो, पण एचडीएमआयला ग्राफिक्स चिपकडून एएसआयओ ड्रायव्हर मिळत नाही. ज्यांचे सॉफ्टवेअर एएसआयओशिवाय चालत नाही, त्यांना एएसआयओफोरऑल किंवा फ्लेक्सएएसआयओ असा मधला दुवा टाकावा लागतो. रीपरमध्ये त्याची गरज पडत नाही. ऑडिओ डिव्हाइसच्या पानावर वासापी (विंडोजची स्वतःची ध्वनिव्यवस्था) निवडावे, आउटपुट म्हणून रिसीव्हरचे नाव असलेले एचडीएमआय उपकरण घ्यावे, चॅनेल सहा आणि दर ४८,००० करावा. वासापीत 'शेअर्ड' आणि 'एक्सक्लुझिव्ह' असे दोन प्रकार आहेत. शेअर्डमध्ये आवाज विंडोजच्या मिक्सरमधून जातो आणि तेथे आधी निवडलेली ५.१ रचना लागू होते. एक्सक्लुझिव्हमध्ये सॉफ्टवेअर उपकरणाचा ताबा स्वतःकडे घेते, त्यामुळे ब्राउझरसारखे दुसरे काही तेच उपकरण धरून बसले असेल तर ते कधी कधी उघडत नाही. मी रोजच्या कामाला शेअर्ड आणि अखेरच्या तपासणीला एक्सक्लुझिव्ह असे ठेवले. विंडोजचा 'स्पेशियल साउंड' मात्र दोन्ही वेळी बंद असावा.

रीपरमध्ये मास्टर, म्हणजे सगळे ट्रॅक जेथे एकत्र येतात तो मुख्य ट्रॅक, मुळात दोन चॅनेलचा असतो. मास्टरच्या राउटिंगमध्ये चॅनेल सहा करावे लागतात, त्याचे हार्डवेअर आउटपुट पहिल्या जोडीऐवजी एक ते सहा असे द्यावे लागते, आणि ज्या ट्रॅकवर सराउंड पॅनर (आवाज कोणत्या स्पीकरांत जावा हे ठरवणारे साधन) टाकायचा तो ट्रॅकही सहा चॅनेलचा करावा लागतो. यातील एक जरी राहिले तरी पडद्यावर मीटर हलतात आणि मागचे स्पीकर गप्प राहतात.

मागचे स्पीकर वाजणे हासुद्धा पुरावा नव्हे. माझ्याकडे एका संध्याकाळी सगळीकडून छान आवाज येत होता; माहितीपटाचे दिग्दर्शक ऐकायला आले होते आणि खूशही झाले. मी मागच्या डाव्या चॅनेलखेरीज सारे चॅनेल बंद केले, तेव्हा पूर्ण शांतता झाली. रिसीव्हर स्टिरिओ ध्वनीला स्वतःच पसरवून पाचही स्पीकरांवर टाकत होता. त्याच्या दर्शनी पट्टीवर तसे लिहिलेलेही होते. जत्रेतल्या आरशांच्या खोलीत माणसे पुष्कळ दिसतात, पण आत शिरलेला एकच असतो, तसा हा प्रकार होता. रिमोटवरील 'इन्फो' बटण दाबून आत येणाऱ्या ध्वनीचे चॅनेल किती हे पाहावे. तेथे मल्टीचॅनेल पीसीएम आणि ४८ किलोहर्ट्झ असे दिसले पाहिजे. रिसीव्हर 'डायरेक्ट' किंवा तत्सम मोडवर ठेवावा आणि रात्रीचा मोड, आवाज आपोआप सारखा करणारे पर्याय वगैरे सर्व बंद करावेत.

यासाठी मी एक चाचणी फाइल तयार केली आणि ती या साऱ्या खटाटोपातील सर्वांत उपयोगी वस्तू ठरली. सहा चॅनेलच्या त्या फाइलमध्ये माझाच आवाज एकेका चॅनेलवर क्रमाने बोलतो: डावा, उजवा, मधला, मागचा डावा, मागचा उजवा. सबवूफरच्या चॅनेलवर बोलण्याऐवजी ५० हर्ट्झचा सूर ठेवला, कारण त्या चॅनेलवरून फक्त खालचे सूर वाजतात आणि बोलणे धड ऐकू येणार नाही. विंडोजचा क्रम डावा, उजवा, मधला, सबवूफर, मग मागचे दोन असा आहे. चित्रपटांच्या कामात मात्र डावा, मधला, उजवा, मागचे दोन आणि शेवटी सबवूफर असाही क्रम चालतो. दुसऱ्या स्टुडिओतून आलेली फाइल तपासल्याशिवाय लावली तर निवेदन उजव्या स्पीकरमधून आणि उजवीकडचा माग मधून ऐकू येतो. फाइलच्या सुरुवातीला तीन सेकंद शांतता ठेवावी, कारण नवा ध्वनी ओळखायला रिसीव्हर थोडा वेळ घेतो आणि पहिला शब्द गिळतो.

जुळे सोलापुरातील माझी खोली दहा बाय बाराची आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस ७७५ या शिफारशीनुसार पुढचे डावे-उजवे स्पीकर मध्यापासून ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर असावेत, म्हणजे ते अगदी पाठीशी नसून कानांच्या जरा मागे येतात. मी बसण्याच्या जागेपासून दोऱ्याने मोजून खुणा केल्या, प्रत्येक स्पीकरचे अंतर रिसीव्हरमध्ये भरले, आणि रिसीव्हरच्या चाचणी आवाजावर फोनमधील मापक धरून पाचही स्पीकर सारख्या पातळीवर आणले. स्पीकर लहान असल्याने ते 'स्मॉल' ठरवून ८० हर्ट्झच्या खालचा आवाज सबवूफरकडे वळवला. समोरासमोरच्या भिंतींवर घरातल्या चादरी टांगल्या. त्यांनी टाळीचा खणखणाट कमी झाला, खालच्या सुरांवर काहीही फरक पडला नाही. सोलापुरी चादरीला यापेक्षा जास्त काम सांगू नये.

दिवाळीनंतर प्रत्यक्ष मिक्सिंग सुरू झाले आणि ते सुरळीत झाले, म्हणून त्याविषयी थोडेच सांगते. एका मागाचा मार पुढे डाव्या-उजव्या स्पीकरांत ठेवला, बाकीच्या रांगा मागे, आणि निवेदन मधल्या स्पीकरमध्ये. जमिनीची थरथर सबवूफरच्या स्वतंत्र चॅनेलवर थोडीशीच दिली, कारण पाच-सहा चॅनेलचे स्टिरिओ करताना तो चॅनेल बहुधा गाळला जातो आणि त्यावर टाकलेले सारे नाहीसे होते. निवेदकाचे ध्वनिमुद्रण मात्र एचडीएमआय वापरून करू नये. रिसीव्हरमध्ये होणाऱ्या विलंबाने बोलणाऱ्याला आपलाच आवाज मागाहून ऐकू येतो. त्या दिवसापुरते मी यूएसबी इंटरफेसच्या एएसआयओवर परत गेले. दोन्ही उपकरणे एकाच वेळी, एक मुद्रणाला आणि दुसरे ऐकायला, असे जोडणे टाळावे. ध्वनीचा वेग राखणारी त्यांची आतली घड्याळे वेगवेगळी असल्याने अधूनमधून टिकटिक ऐकू येते.

दाखवण्याचा कार्यक्रम गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीआधी, डिसेंबरमध्ये, एका छोट्या सभागृहात ठरला. तेथेही लॅपटॉप एचडीएमआयनेच जोडायचा होता, म्हणून आदल्या दिवशी जाण्याची परवानगी मागितली. त्यासाठी लेखी पत्र, माहितीपटाच्या निर्मात्यांची सही आणि दोन तासांचे वीजशुल्क लागले. चाचणी फाइल लावली तेव्हा 'मागचा डावा' हे शब्द उजवीकडून आले. तेथील तंत्रज्ञ शिडी घेऊन वर गेले आणि तारा बदलून खाली आले. ती फाइल त्यांनी पेन ड्राइव्हवर मागून घेतली. मी त्यांना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची सहा चॅनेलची वेव्ह फाइल आणि सोबत वेगळी स्टिरिओ फाइल दिली, आणि दोन्हींच्या नावांतच चॅनेलचा क्रम लिहून ठेवला.